हृदयाचे संप्रेरक वाढलेले असूनही पायांवर सूज का राहते?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. गेल्या महिन्यात धाप लागली, दोन्ही पायांना सूज आली आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. इकोमध्ये हृदयाची पंपिंगची क्षमता ३५ टक्के दिसली आणि हृदयाच्या संप्रेरकाची रक्ततपासणी ‘एनटी-प्रोबीएनपी’ ३,८०० निघाली. सध्या सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन ही औषधे चालू आहेत. धाप कमी झाली आहे, पण संध्याकाळी घोट्यांवर थोडी सूज दिसतेच. त्यातच किडनीचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झाले. नातेवाईक म्हणतात, औषधांनी किडनी जाईल, भरपूर पाणी पाजा आणि पुनर्नव्याचा काढा द्या. डॉक्टरांनी मात्र दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितले आहे. हृदयातून येणारे हे संप्रेरक मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकते, असे मी वाचले. मग ते एवढे वाढलेले असताना सूज का? ही तपासणी दर महिन्याला करावी का? रात्री त्यांना तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, तेही याच कारणाने का? – एक वाचक, कराड

उत्तर : तातडीचे आधी सांगतो. क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झाले, एवढ्या एका कारणासाठी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये, काढा सुरू करू नये आणि आग्रहाने पाणीही पाजू नये. हृदय आणि मूत्रपिंड यांचा व्यवहार कसा चालतो हे एकदा नीट लक्षात आले, तर आपल्या घरात सध्या चाललेला वाद बराचसा आपोआप मिटेल. म्हणून आपण विचारलेल्या मुख्य प्रश्नाकडे प्रथम वळतो.

रक्त ढकलणारा पंप एवढीच हृदयाची ओळख वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फार काळ होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील, म्हणजे अलिंदांमधील, स्नायुपेशींत सूक्ष्म कण भरलेले असतात हे १९५६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. ग्रंथींच्या पेशींत संप्रेरके साठवलेली असतात तसेच हे कण दिसत. पण हृदयाच्या स्नायूत त्यांचे काय काम, हे कोणाला सांगता येत नव्हते. कॅनडातील किंग्स्टन येथे काम करणारे, मूळचे अर्जेंटिनाचे अडॉल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. त्या उंदरांच्या लघवीतून बाहेर पडणारे सोडियम काही मिनिटांत तीसपटींहून अधिक वाढले, लघवी सुमारे दहापट झाली आणि रक्तदाब उतरला. १९८१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि हृदय हेही संप्रेरक तयार करणारे इंद्रिय आहे, हे मान्य करावे लागले. पुढे त्या द्रव्याची रचना कळली आणि त्याला एएनपी हे नाव मिळाले. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचे भावंड सापडले, ते बीएनपी. मेंदूत सापडले म्हणून नावात मेंदू राहिला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधून, म्हणजे निलयांमधून, येते.

ही संप्रेरके सुटण्याचे मुख्य कारण एकच, हृदयाच्या भिंतीवर पडणारा ताण. शरीरात मीठ आणि पाणी वाढले की रक्ताचे आकारमान वाढते, हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, कप्पे ताणले जातात आणि संप्रेरक रक्तात उतरते. विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात बराच वेळ राहिले की लघवीची घाई होते, हा अनुभव पोहणाऱ्या अनेकांना असतो. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतील रक्त छातीकडे सरकवतो, अलिंदे ताणली जातात आणि शरीरात पाणी जास्त झाले आहे असा हृदयाचा समज होतो. त्या घाईमागे इतर कारणांबरोबर एएनपीचाही वाटा असतो.

मूत्रपिंडात हे संप्रेरक एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के पुन्हा रक्तात घेतात. लघवी म्हणून उरते ते दीड-दोन लिटर. या हिशेबात एक टक्का इकडेतिकडे झाला तरी लघवी दुप्पट होऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे संप्रेरकाचा थोडासा परिणामही किती मोठा ठरतो ते कळते. गाळणीच्या गुच्छात रक्त आणणारी बारीक धमनी एएनपीमुळे सैल होते आणि रक्त बाहेर नेणारी आकसते, त्यामुळे गाळणीतला दाब वाढून अधिक द्रव गाळला जातो. मूत्रनलिकेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर सोडियम परत शोषले जाण्याला ते आळा घालते. शिवाय मूत्रपिंडातून सुटणारे रेनिन आणि अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरॉन, म्हणजे मीठ धरून ठेवा असा आदेश देणारी द्रव्ये, यांनाही ते दाबून ठेवते. निरोगी माणसात एखाद्या दिवशी लोणचे-पापड जास्त झाले तरी दोन दिवसांत वजन पूर्ववत होते, त्यात या व्यवस्थेचा हात असतो.

मग आपल्या वडिलांच्या बाबतीत ती अपुरी का पडते? याचे पहिले उत्तर अहवालातच आहे. एनटी-प्रोबीएनपी म्हणून जे मोजले जाते ते काम करणारे संप्रेरक नव्हेच. निलयाच्या पेशी प्रथम १०८ अमिनो आम्लांची एक लांब साखळी तयार करतात. ती तुटली की ३२ अमिनो आम्लांचे बीएनपी हे कामाचे संप्रेरक मिळते आणि ७६ अमिनो आम्लांचा दुसरा तुकडा उरतो. हा उरलेला तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो मूत्रपिंडाला काहीही सांगत नाही. रक्तात अधिक वेळ टिकतो आणि मोजायला सोपा, म्हणून प्रयोगशाळा तो मोजतात. ३,८०० या आकड्याचा अर्थ, हृदयाच्या भिंतीवर ताण आहे, असा घ्यावा. शरीरात तेवढे प्रभावी औषध फिरत आहे, असा घेऊ नये. हृदय दीर्घकाळ दुबळे असलेल्या रुग्णांत तर ती लांब साखळी बऱ्याच प्रमाणात न तुटताच रक्तात येते आणि तिची ताकद खऱ्या बीएनपीच्या मानाने फारच कमी असते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पंपिंग कमी झाले की धमन्यांतील भरणा कमी पडतो. मूत्रपिंडाला पायावरची सूज दिसत नाही. आपल्यापर्यंत पोहोचणारे रक्त कमी झाले, एवढेच त्याला कळते आणि रक्तस्राव झालेल्या माणसात ते जसे वागते तसेच ते इथेही वागते. रेनिन सुटते, त्यातून अल्डोस्टेरॉन आणि रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन वाढते, शरीराला धोक्यात सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था चेतवली जाते, व्हॅसोप्रेसिन पाणी अडवते. ही सारी मंडळी दोराच्या एका टोकाला आणि हृदयाची संप्रेरके एकटी दुसऱ्या टोकाला, अशी ही रस्सीखेच असते. त्यातही मीठ अडवणाऱ्यांची जागा मोक्याची आहे, कारण मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातच ते बहुतेक सोडियम परत ओढून घेतात, तर एएनपीचे मुख्य काम नलिकेच्या शेवटाला. तिथवर सोडियम पोहोचलेच नाही तर ते बाहेर टाकणार काय? भरीला संप्रेरकाचा निरोप घेणारी मूत्रपिंडातील यंत्रणाही कालांतराने मंदावते. म्हणून रक्तातील आकडा मोठा आणि पायांवर सूज, या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात सुखेनैव नांदतात.

असे असेल तर संप्रेरक बाहेरून टोचून का देत नाहीत, असे आपल्या मनात येईल. तोही प्रयत्न झाला. नेसिरिटाइड या नावाने कृत्रिम बीएनपी अमेरिकेत २००१ पासून शिरेतून दिले जाऊ लागले. सात हजारांहून अधिक रुग्णांवरील असेंड-एचएफ या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हा त्याने मूत्रपिंडाचे काम सुधारले नाही, मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात येणे कमी झाले नाही, उलट रक्तदाब खाली जाण्याचे प्रमाण मात्र वाढले. एका बाजूला माणसे वाढवून भागत नाही, दुसऱ्या बाजूचा जोर कमी करावा लागतो, हे त्यातून शिकायला मिळाले.

आपल्या वडिलांची चिठ्ठी या दृष्टीने वाचून पाहा. सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिन या विकराला (एन्झाइमला) रोखते. हा विकर हृदयाच्या संप्रेरकांचे तुकडे करत असतो, त्यामुळे तो थांबला की शरीराचे स्वतःचे संप्रेरक अधिक काळ टिकते. त्याच गोळीतील व्हलसार्टन अँजिओटेन्सिनला अडवते आणि स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला. टॉर्सेमाइड ही सरळ लघवी वाढवणारी गोळी आहे, आणि डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसतानाही हृदय व मूत्रपिंड या दोघांच्या भल्यासाठी देतात. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनची जुन्या एनालाप्रिलशी तुलना आठ हजारांहून अधिक रुग्णांत झाली होती. २०१४ मधील त्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय दुबळे झाल्यामुळे रुग्णालयात दाखल होणे, यांचे एकत्रित प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले. माझ्या मते चिठ्ठी विचारपूर्वक लिहिलेली आहे. एक सावधगिरी मात्र घरात सर्वांना माहीत असावी. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी ‘प्रिल’ने संपणारी जुनी गोळी कपाटात उरली असेल तर ती या गोळीबरोबर कधीही देऊ नये, दोहोंमध्ये किमान ३६ तासांचे अंतर लागते, अन्यथा जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो.

आता क्रिएटिनिन. अँजिओटेन्सिन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी आवळून गाळणीतला दाब टिकवून धरते. त्याला अडवले की हा दाब थोडा उतरतो आणि क्रिएटिनिन थोडे चढते. डापाग्लिफ्लोझिननेही सुरुवातीला असे होते. ही मूत्रपिंडाला झालेली इजा नसते. मूळ आकड्याच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, रुग्णाला बरे वाटत असेल आणि पोटॅशियम ताब्यात असेल, तर डॉक्टर सहसा स्वीकारतात. वडिलांची वाढ २५ टक्के आहे, म्हणजे लक्ष ठेवण्यासारखी आहे, घाबरून औषध थांबवण्यासारखी नाही. किंबहुना हृदय तुंबलेले असते तेव्हा मूत्रपिंडाच्या शिरांतही रक्त तुंबते, आणि त्या उलट दाबानेही गाळण्याचे काम मंदावते. अशा रुग्णात साठलेले पाणी काढल्यावर क्रिएटिनिन पुढे उतरलेलेही दिसते. किडनी वाचवण्यासाठी पाणी पाजा, हा सल्ला मुतखड्याच्या रुग्णाच्या बाबतीत ठीक आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत त्याच सल्ल्याने धाप परत येईल. उलट उभे राहताना चक्कर, जीभ कोरडी, वजन झपाट्याने उतरणे आणि क्रिएटिनिन चढणे हे सारे एकत्र दिसले तर पाणी गरजेपेक्षा जास्त निघाले आहे असे समजावे आणि टॉर्सेमाइडचा डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.

पाण्याच्या मापाबद्दल मी थोडा मोकळा आहे. नेदरलँड्समधील एका चाचणीत प्रकृती स्थिर असलेल्या अशा रुग्णांना पाण्याची मोकळीक देण्याची तुलना दीड लिटरच्या बंधनाशी केली गेली. २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मोकळीक दिलेल्यांची प्रकृती बिघडलेली आढळली नाही आणि तहानेचा त्रास त्यांना कमी झाला. पण वडील नुकतेच रुग्णालयातून आले आहेत, घोट्यांवर सूज आहे. तेव्हा आज दीड लिटर पाळावे आणि पुढच्या भेटीत हे बंधन किती दिवसांसाठी आहे ते विचारावे. मोजताना चहा, ताक, आमटी, पेज हे सारे त्यात धरावे लागते, हे पुष्कळ घरांत सुटून जाते.

माझा खरा आग्रह मिठाबद्दल आहे, कारण मिठाच्या मागे पाणी येतेच. अगदी अळणी जेवण द्यावे असे मी म्हणणार नाही. तसे केल्याने वृद्ध माणसे जेवतच नाहीत, आणि सोडियम कठोरपणे तोडल्याने मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे कमी होते असे २०२२ च्या मोठ्या चाचणीतही दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा सर्वांसाठीच सांगितली आहे, ती गाठली तरी पुरे. त्यासाठी भाजीतले मीठ निम्मे करण्याआधी लोणचे, पापड, फरसाण, सांडगी मिरची, खारे शेंगदाणे, सुके बोंबील आणि बेकरीची खारी ताटातून काढावीत. सैंधव मीठ ‘चालते’ हा समज चुकीचा आहे. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. पाण्यात फसफसणारी ॲसिडिटीची पावडर आणि तशाच विरघळणाऱ्या गोळ्या यांत सोडियम भरपूर असते, आणि त्या औषध म्हणून घेतल्या जात असल्याने कोणाच्या हिशेबात येत नाहीत. दुकानात मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र वडिलांना मुळीच देऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन व व्हलसार्टन ही दोन्ही औषधे पोटॅशियम वाढवणारी आहेत. रोज शहाळे देण्याची पद्धत असेल तर तीही याच कारणासाठी थांबवावी.

सूज डोळ्यांनी जोखण्यापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवावा, कारण घोट्यावर बोटाचा खड्डा उमटेपर्यंत शरीरात पुष्कळ पाणी साचलेले असते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशेब काटा पहिल्या दिवसापासून दाखवतो. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यानंतर, चहा घेण्यापूर्वी, साधारण त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करावे. काटा गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहावा. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर सूज दिसो वा न दिसो, डॉक्टरांना फोन करावा.

रात्रीच्या लघवीबद्दल आपला अंदाज बराचसा बरोबर आहे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते, अलिंदे ताणली जातात, एएनपी वाढते आणि मूत्रपिंडांनाही झोपलेल्या अवस्थेत रक्त बरे मिळते. दुपारी जेवणानंतर तासभर पाय उशीवर ठेवून पडल्यास यातला काही भाग दिवसाच निघून जातो. टॉर्सेमाइड संध्याकाळी दिले जात असेल तर वेळ बदलता येईल का ते विचारावे. वडील मोठ्याने घोरत असतील आणि झोपेत मध्येच त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण अशा श्वासरोधातही अलिंदे ताणून हेच संप्रेरक सुटते. ७१ व्या वर्षी प्रोस्टेटचा विचारही करावा लागतो.

एनटी-प्रोबीएनपीची तपासणी दर महिन्याला करण्याची गरज मला वाटत नाही. हा आकडा खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून औषधे ठरवल्याने नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा अधिक फायदा होत नाही, असे २०१७ च्या गाइड-आयटी या चाचणीत दिसले. शिवाय या आकड्यावर इतर गोष्टींचाही परिणाम होतो. एनटी-प्रोबीएनपीचा तुकडा काही अंशी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, त्यामुळे क्रिएटिनिन वाढले की हृदयात काही न बदलताही आकडा चढतो. वय आणि हृदयाचे अनियमित ठोके तो वाढवतात, तर स्थूल व्यक्तीत तो कमी दिसतो. तीस टक्क्यांच्या आतला चढ-उतार नुसता दैनंदिन फरक असू शकतो. लक्षणे बदलली किंवा औषधांत मोठा फेरफार झाला, तर तपासणी अवश्य करावी. तेव्हा एनटी-प्रोबीएनपी हीच करावी, नुसती बीएनपी करू नये, कारण सॅक्युबिट्रिल बीएनपीला टिकवून धरते आणि प्रकृती सुधारत असतानाही तो आकडा वाढलेला दिसू शकतो. दरमहा खर्च करायचाच असेल तर तो सध्या क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम यांवर करावा. औषधाचा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत या तपासण्या व्हायलाच हव्यात.

पुनर्नवा लघवी वाढवण्यासाठी परंपरेने वापरतात हे खरे आहे. पण वडिलांना लघवी वाढवणारी औषधे आधीच मोजून दिलेली आहेत आणि त्यांत न मोजलेल्या ताकदीचा काढा मिसळला तर पुढे क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम बिघडल्यावर दोष कशाचा हे कोणालाच ठरवता येणार नाही. द्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावा. मला त्याहून जास्त भीती गुडघेदुखीच्या गोळ्यांची वाटते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या दुकानात सहज मिळतात. त्या गाळणीकडे येणारी धमनी आकसवतात, मीठ धरून ठेवतात आणि वडिलांच्या सध्याच्या औषधांबरोबर घेतल्यास मूत्रपिंड काही दिवसांत खरोखर निकामी होऊ शकते. दुखले तर साधे पॅरासिटॅमॉल द्यावे, तेही पाण्यात विरघळणारे नको.

जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या, अथवा खाणे-पिणेच बंद झाले, तर त्या दिवशी टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन यांतले काय चालू ठेवायचे आणि काय थांबवायचे, हे फोन करून विचारावे. याची उत्तरे पुढच्या भेटीतच कागदावर लिहून घेतलीत तर अधिक बरे. झोपताना एकाऐवजी दोन-तीन उशा लागू लागल्या, रात्री धाप लागून ते उठून बसू लागले, लघवी एकदम कमी झाली, किंवा स्नायूंत कमालीचा अशक्तपणा येऊन नाडी फार मंद वाटू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे आणि औषधांची चिठ्ठी व वजनाच्या नोंदी बरोबर ठेवाव्यात.